काज

कोइंब्राच्या टेकडीखाली, नदीकडच्या गल्लीत
एकतीस वर्षं आम्ही दोघी काळं कापड शिवतोय.
विद्यापीठातल्या पोरापोरींचे लांब झगे.
ती ते मिरवतात, पायऱ्यांवर लोळवतात,
आणि शेवटी काठाला चिरा पाडून घेतात:
एक घरच्यांची, एक मित्रांची,
मधली एक, जिच्याबद्दल विचारायचं नसतं.
बेतणं माझ्याकडे. काजं देओलिंदाकडे.

समितीच्या बाईंनी विचारलं, ही तुमची कोण?
मी म्हटलं, काजं करते.
आमच्या भाषेत काजाला आणि घराला एकच शब्द आहे.
बाईंनी पेन उचललं, परत ठेवलं.
फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

मग माझ्या पोटातलं चित्र आलं.
डॉक्टर अब्रांशेस पडदा माझ्याकडे वळवून म्हणाले,
दोना ग्रासिएत, एका मूत्रपिंडाला एक धमनी पुरते.
तुमच्या डावीकडच्याला तीन आहेत.
शिवाय शीर, जी महाधमनीच्या पुढून जायची,
ती मागून गेलीय, उधारी थकलेल्या गिऱ्हाइकासारखी.
मग उजवं घ्या की!
उजवं सरस आहे, म्हणाले,
आणि सरस ते देणाऱ्याकडेच ठेवतो आम्ही.

अठ्ठावन्न वर्षं हे घेऊन मी ही टेकडी चढतेय
आणि मला पत्ता नाही
की माझं अस्तर कुणी भलत्याच मापानं बेतलंय.

तीन तोंडं. जोडणार कशी?
त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं:
जवळच्या दोघी बाहेर, बर्फावर,
कडेला कड शिवून एक तोंड करायचं.
म्हणजे पाटलोण, मी म्हटलं. दोन पाय, एक कंबर.
ते हसले. आम्हीही तेच म्हणतो.

आणि तिसरी?
तिसरी आगकाडीपेक्षा बारीक.
टाकून द्या ना, देओलिंदा म्हणाली;
तिला सगळंच स्वस्तात हवं असतं.
नाही. ती खालच्या टोकाला जाते,
लघवीची नळी तिच्यावर जगते.

मला सुई दाखवा, मी म्हटलं.
पापणीच्या केसासारखी वाकडी. दोरा निळा,
काळ्या बाहीवर धरला तेव्हा कुठे दिसला.

त्या सकाळी पोट फुग्याच्या बाहीसारखं फुगवून
त्याला चार काजं पाडली.
एकातून डोळा गेला, बाकीच्यांतून हात.
आणि खाली, स्कर्टाची पट्टी बसते तिथे, एक आडवी चीर,
मूठ बाहेर येईल एवढीच.
हे सगळं मला मागाहून कळलं.
मी तेव्हा कुठेच नव्हते.

पलीकडच्या खोलीत रक्त सोडलं
तेव्हा फिकट पडलेलं ते गुलाबी झालं म्हणे,
फक्त खालचं टोक जांभळं राहिलं,
इस्त्री न पोचलेल्या कोपऱ्यासारखं.
छत्तीस मिनिटं.
देओलिंदाच्या पोटाच्या भिंतीतली एक चिमुकली धमनी वळवून आणली,
तिसरी तिला शिवली.
टाके संपेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग कोपऱ्यालाही रंग चढला.
मग नळीच्या टोकाशी एक थेंब.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

आता मार्च चालू आहे. देओलिंदाच्या बोटांची सूज उतरलीय,
अंगठी पुन्हा पेरावरून आत जाते.
खिडकी उघडी की बंद, यावरून आमचं रोज वाजतं.
काल तिनं मला ब्लाउज वर करायला लावला,
चष्मा चढवून एकेक काज तपासलं.
तिसऱ्याचा टाका ओढलाय, म्हणाली. कच्चा हात.

तेवढ्यात एक मुलगी झगा घेऊन आली.
मधली चीर शिवून हवी होती,
पिवळ्या दोऱ्यानं, दिसेल अशी.
देओलिंदानं काही विचारलं नाही.
सुई मात्र माझ्यापुढे धरली,
ओवून दे म्हणून.